मांडू, चंदेरी आणि ताईचे गुडघे

फॅक्टरीत मी तपासणी विभागात होतो. आलेला माल पास करायचा नाहीतर रिजेक्ट, जन्मभर हेच केलं. निवृत्त झालो तरी खोड जात नाही. घरात नवा कुकर आला तरी मी आधी त्याच्याकडे संशयानेच बघतो. त्यामुळे ताईने "कुठंतरी जाऊन येऊ" म्हटल्याबरोबर मी कागद आणि पट्टी घेऊन बसलो.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नाही. शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचा आणि जबलपूरला नेपियर टाउनच्या घरी परतून अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं करायचं, यात तिची वर्षं गेली. मागच्या वर्षी आई गेली. त्यानंतर पहिल्यांदाच ताई स्वतःसाठी काही मागत होती. डोंगरावरचं एखादं जुनं गाव बघायचं, जिथले कैक शतकांपूर्वीचे दरवाजे, विहिरी, वाटा अजून जागच्या जागी आहेत. मांडू किंवा चंदेरी, एवढंच ती म्हणाली. मला मनापासून आनंद झाला. दोन्ही गावं जमणार नव्हती, कारण पुढच्या आठवड्यात मला मुलीकडे पुण्याला जायचं होतं.

मी तक्ता आखला. प्रवास, राहणं, जेवण, बघण्यासारखं किती आणि चढ, प्रत्येकाला दहापैकी गुण. इंदूरपर्यंत थेट गाडी, पुढे टॅक्सी थेट महालांच्या दारात, म्हणून मांडूला भरघोस गुण पडले. चंदेरीला बीनाला गाडी बदला, ललितपूरला उतरा, तिथून रस्त्याने जा, आणि वर किल्ल्याचा चढ. चढाच्या रकान्यात मी कंसात "ताईचे गुडघे" लिहिलं आणि चंदेरीला दोन गुण दिले. तेही जरा हात सैल सोडून, असं मला वाटलं. खाली लाल पेनाने "मांडू पास" लिहिलं.

ताईने चष्मा लावून तक्ता पूर्ण वाचला आणि म्हणाली, "अच्छा."

आमच्या घरात ताईचं अच्छा म्हणजे होकार, असं आम्ही सगळेच धरून चालत आलो होतो. मी खुशीत हॉटेलं शोधायला लागलो. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती तोच कागद घेऊन आली.

"हे चढाचे दोन गुण कोणी दिले?"

"मीच. काहून?"

"तुमच्या फॅक्टरीत माल न पाहताच रिजेक्ट करून राहिले होते का?"

माझा पारा चढला. "ताई, मी तुझ्या भल्यासाठी करून राहिलो. तिथं गुडघे आखडले तर?"

"ते मी नाही विचारलं. गुडघे तपासले होतेस का?"

नव्हते. नमुना हातात घेतल्याशिवाय मी कधी कुणाचा खिळासुद्धा नापास केला नव्हता. मी चहात बिस्किट बुडवलं आणि ते तुटून आत पडलं.

मग तिने सांगितलं. शाळेची सहल दोनदा चंदेरीला गेली होती. बस ठरवण्यापासून मुलींच्या याद्यांपर्यंत सगळं ताईने केलं. कुठे कापलेल्या खडकातला दरवाजा आहे, कुठल्या बावडीत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, किती सांभाळून उतरायचं, हेही तिनेच पुस्तकं वाचून मुलींना लिहून दिलं. दोन्ही वेळा बस सुटली आणि ती मुलींना हात हलवून आईजवळ घरी परतली. "मुली परत येऊन मलाच सांगायच्या, दीदी, तुम्ही लिहिलं होतं तस्संच आहे," ताई हसत म्हणाली. मला काही हसू आलं नाही. त्या दोन सहली मला आठवतसुद्धा नव्हत्या, आणि आईजवळ दोन दिवस बसायला मी तर इथेच, याच गावात होतो.

"चल, उद्या सकाळी चाचणी घे," ती म्हणाली.

सकाळी स्कूटरवर आम्ही गावातल्याच मदनमहाल किल्ल्याच्या टेकडीशी गेलो. पायऱ्यांच्या तळाशी मी खिशातून पेन काढलं, तर ताईने ते काढून घेऊन आपल्या पर्समध्ये टाकलं. ती एकेक पायरी आडवं पाऊल टाकून चढायची, थोडं चढलं की बसायची, पाणी प्यायची, समोरचे काळे गोल खडक बघायची आणि पुन्हा उठायची. मी पुढे जाऊन थांबत होतो, पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होतो. मागून आलेली पोरं आम्हाला ओलांडून वर गेली, बघून उतरलीसुद्धा. "नमस्ते आंटी, अभी थोड़ा ही है," असं त्यांनी तिला सांगितलं. ती म्हणाली, "हाँ भैया, मुझे कौनसी जल्दी है."

वर पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. तिचा चेहरा लाल झाला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर होते. खाली सगळं जबलपूर पसरलं होतं. मी हळूच विचारलं, "दुखून राहिले?"

"दुखतात ना. मांडूतही दुखले असते."

"आणि चंदेरीत अर्ध्या वाटेवर दमलीस तर?"

"तर बसेन," ताई म्हणाली. "पण चंदेरीत बसेन ना!"

मला तिच्याकडे बघवेना. मी तिथेच दगडावर बसून फोन काढला आणि ललितपूरची दोन तिकिटं काढली.