बाबांना मुक्कामी कोण जेवू घालतं?

शेवटच्या पेपरला चार दिवस होते आणि अमरावतीच्या आमच्या होस्टेलमध्ये अभ्यास सोडून सुट्टीचेच बेत चालले होते. एक जण चिखलदऱ्याला निघाली होती, एक स्कूटी शिकणार होती, एकीला नुसतं झोपायचं होतं. मी वहीच्या मागच्या पानावर एकच ओळ लिहिली : बाबांच्या मुक्कामी गाडीत बसायचं. रूममेट हसली. म्हणाली, "सोताच्या बापाच्या गाडीत बसाले प्लॅन कायले लागते वं?"

लागतो. माझे बाबा उमरखेडला एसटी डेपोत ड्रायव्हर. मला कळायला लागल्यापासून आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी ते गाडी घेऊन महागाव तालुक्यातल्या एका टोकाच्या गावी जायचे, रात्री तिथंच मुक्काम करायचे आणि सकाळी पहिल्या फेरीला शाळा-कॉलेजची पोरं भरून परत यायचे. ते गाव मी कधी पाहिलंच नव्हतं. डिसेंबरअखेर बाबा निवृत्त होणार होते. ही सुट्टी हुकली की संपलं.

खरं कुतूहल गावाचं नव्हतं, डब्याचं होतं. एरवीच्या ड्यूटीला आई साडेचारला उठून डबा करायची. मुक्कामाला जाताना मात्र बाबा डबा नेत नसत. "तिथं होते सोय," एवढंच उत्तर. कोण करतं सोय, असं विचारलं की ते बूट शोधायला लागायचे. आणि बाबा म्हणजे घरात पाण्याचा पेला स्वतः भरून न घेणारा माणूस. मीठ कोणत्या डब्यात असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, कमी पडलं की तेवढं बरोबर कळायचं.

घरी पोचले तेव्हा आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"एक तारखेपासून तुह्या बाबाले आराम," ती म्हणाली, "अन मले दोन टाइम गरम भाकरीची ड्यूटी. माही रिटायरमेंट कोन्या आफिसात असते वं?"

हसतच म्हणाली, पण शेंग सोलायची थांबली होती. मी माझा बेत सांगितला. वाटलं होतं, नको म्हणेल.

"जाय," ती म्हणाली. "अन पाहून ये, कोन जेवू घालते त्याईले. माह्यापेक्षा चांगलं करत असन त तसं सांगजो."

बाबांना विचारलं तर "बायामानसाची सोय नाई तिथं" म्हणून त्यांनी विषयच मिटवला. मग मी न विचारता गेले. डेपो सोडून पुढच्या स्टॉपवर चढले, तोंडाला स्कार्फ बांधून, मागच्या सीटवर. बायकांचं अर्धं तिकीट मागितलं तसा कंडक्टर काकांनी आवाज ओळखला. त्यांनी बाबांच्या पाठीकडे पाहिलं, हसू दाबलं आणि पुढच्या सीटकडे गेले.

गाव आलं तेव्हा नुकतंच अंधारलं होतं. सगळे उतरले, मी स्कार्फ सोडून उभी राहिले. बाबा रागावतील असं वाटलं होतं. ते चक्क घाबरले. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, समाजमंदिराच्या ओसरीवर होती. तिथं तीन दगडांची चूल मांडलेली होती आणि एक म्हातारी टोपलीत वांगी आणि तुरीचे हिरवे सोले घेऊन बसली होती.

मी मनात म्हटलं, सापडली अन्नपूर्णा.

"आज उशीर केला रे बावा," म्हातारी म्हणाली. "भूक लागून राह्यली मले."

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बाह्या दुमडल्या आणि चुलीपुढं बसले. वांग्यांना चार-चार चिरा दिल्या, देठ न सोडता. कांदा-खोबरं भाजून दगडावर वाटलं, सोले जरासे ठेचले, फोडणी दिली आणि मीठ तर भांड्यात न पाहता चिमटीनं टाकलं. कंडक्टर काका शेजारी भाकरी थापत होते. आमच्याकडे मारोतीच्या पंगतीला गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायला पुरुषच पुढं असतात, त्यात नवल नाही. पंगत उठली की तेच हात घरी गार पडतात, त्यातही नाही. पण हा एखाद्या दिवसाचा हात नव्हता. हा रोजचा हात होता.

मी पहिला घास घेतला. इतकी चांगली भाजी मी आमच्या घरीसुद्धा खाल्ली नव्हती. म्हातारीनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तुही माय नशीबवान हाय वं. असं रोज खाते."

बाबांचा घास हातातच राहिला.  खरं काय ते मी तिला सांगायला हवं होतं.

रात्री मी म्हातारीकडेच झोपले. तिचा मुलगा पुण्याला गेला त्याला पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून बाबा ज्या दिवशी मुक्कामाला, त्या दिवशी तिची चूल बंद, असं तिनं कौतुकानं सांगितलं.

सकाळी बाबांनी मला चहा आणून दिला. जन्मात पहिल्यांदा.

"आईले सांगू नको."

"काहून?"

"सुरुवातीले घरी करून पाह्याचं राहून गेलं. मंग लाज वाटत गेली."

"कोणाची?" मी विचारलं. ते गाडीची काच पुसायला निघून गेले.

मी सांगितलं. घरी पोचताच आईनं विचारलं आणि मला खोटं बोलवेना. ती आधी खूप हसली, पदरानं डोळे पुसत हसली. मग म्हणाली, "किती वर्षं झाले म्हनते ते बुढी?"

"पंधरा."

तिनं बोटांवर मोजलं. "म्हंजे मले टायफाईड झालता तवा येत होतं त्याईले."

तेव्हा मी चौथीत होते. बाबा हॉटेलातून पार्सल आणायचे, ते तिच्या घशाखाली उतरायचं नाही. एका दुपारी मी स्टुलावर चढून भात केला. तो करपला आणि आईनं तोच गोड मानून खाल्ला. हे आठवलं आणि मला बाबांचा फार राग आला. 

एकतीस तारखेला बाबा शाल-नारळ घेऊन घरी आले. एक तारखेला सकाळी अंगणात खुर्चीत बसून नेहमीसारखं म्हणाले, "चहा दे." आई शेजारीच उन्हात पाय पसरून बसली होती, ती उठली नाही. तिनं वांगी आणि सोले त्यांच्यापुढं सरकवले.

"हे काय?"

"भाजी. येते ना तुमाले?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी निंबाच्या झाडाकडे पाहत होते. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आतून डबे उघडझाक करायचा आवाज आला आणि मग हाक आली, "मीठ कुठी हाय?" आईनं सांगितलं नाही. मीही नाही. शेवटी त्यांना ते सापडलं.

आई ताटावर बसली. बाबा हातात पळी घेऊन शेजारी उभे. दुसऱ्या घासाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट झाली काय?" त्यांनी घाईनं विचारलं.

"तिखट नाई," आई म्हणाली. "उशीर झाला."

आणि तिनं ताट पुढं केलं. "वाढा."