भाऊंच्या नावावरचं एकच काम

बडनेऱ्याच्या फलाटावर अकोल्याच्या रोजच्या गाडीची वाट बघत होते, तेव्हा फोन आला. ऑफिसातला गजानन होता. "मीनाताई, प्रमोदभाऊ गेले..." मी वेड्यासारखं विचारलं, "कुठं?" सुटीवर तेल्हाऱ्याला, घरी गेलेला माणूस आणखी कुठं जाणार? सकाळी अंगणात तोंड धुता धुता कोसळले, ते उठलेच नाहीत.

अकोल्यातल्या आमच्या बियाण्यांच्या कंपनीत भाऊ सर्व्हर सांभाळायचे, आणि मी त्यांच्याच हाताखाली शिकले. सर्व्हरवर कितीतरी कामं ठरल्या वेळी आपोआप चालतात. साठ्याची बेरीज, विक्रेत्यांची बिलं, सगळ्या माहितीची जादा प्रत. प्रत्येक काम कुठल्यातरी खात्याच्या नावानं चालतं, आणि त्या खात्याला जेवढी परवानगी तेवढंच त्याला करता येतं. बाकीचे लोक या खात्यांना रुक्ष इंग्रजी नावं देतात. भाऊंनी घरच बसवलं होतं. नुसतं बघायची परवानगी असलेलं खातं 'जावई'. "जावयाले समदं दाखवा, पन कायले हात लावू देऊ नका," असं ते नव्या माणसाला गंभीर चेहऱ्यानं समजावायचे. काहीच फेकू न देणारी 'आत्या' जादा प्रती सांभाळायची. आणि बिलांपासून साठ्यापर्यंत लिहायचं सगळं 'सून' या खात्याकडे. मी एकदा चिडले, "भाऊ, सगळा भार सुनेवरच काहून?" तर म्हणाले, "तिच्याबिगर घर चालते का? तुमीच सांगा." कपाळ माझं!

एका गोष्टीत मात्र त्यांची थट्टा चालत नसे. स्वतःच्या खात्यावर एकही काम चालवायचं नाही. घाईत मी एकदा तसं केलं, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "मानूस उद्या गेला तं काम काहून थांबावं?"

ते गेले त्याच दिवशी त्यांचं खातं बंद करायचा निरोप वरून आला. नियमच तसा आहे, आणि ते करायला मीच होते. केलं. खरं सांगते, मनातून वाटत होतं, काहीतरी अडावं. एखादं बिल अडकावं, कुणीतरी ओरडत यावं, भाऊ असते तर असं झालं नसतं म्हणावं. काही म्हणजे काही अडलं नाही. सून राबत होती, आत्या जपत होती, जावई बघत होता. मला भाऊंचा इतका राग आला, की जेवणाचा डबा तसाच परत नेला.

त्या संध्याकाळी फोनवर त्यांचा रोजचा निरोप आला नाही. 'मीनाताई, गाडीची वेळ झाली. निघा.' एकदा कामाच्या नादात माझी गाडी चुकली, तेव्हापासून ते हा निरोप न चुकता पाठवायचे. "तुमी मले ऑफिसातून हाकलून राहिले," असं मी चिडवायची. आता पाठवणाराच नाही, तर निरोप कुठून येणार, असं मनाशी म्हणत मी निघाले.

पुढच्या आठवड्यात कुठलं काम अडलंय का ते तपासायला बसले, तर एकाच कामापुढे लाल खूण. नाव 'मीनाताई_गाडी'. आणि ते चालत होतं प्रमोदभाऊंच्या स्वतःच्या खात्यावर! म्हणजे हा माणूस रोज हातानं निरोप लिहीतच नव्हता. मी भर ऑफिसात मोठ्यानं हसले आणि मग हसू आवरेना, रडूही आवरेना. गजानन पाणी घेऊन आला. पडद्याकडे बघून म्हणाला, "हे सुनेच्या नावावर करून टाकू का? नाहीतर काढून टाकू?"

नको म्हटलं.

तसंच राहू दिलंय. रोज संध्याकाळी ते काम ठरल्या वेळी उठतं, परवानगी नाही म्हणून अडतं, आणि माझ्या पडद्यावर लाल खूण येते. मी पर्स उचलते आणि गाडीला निघते.