सुलोचनाबाईंची खुर्ची

चारकोपहून विमानतळावर निघताना टॅक्सीवाला खाली हॉर्न वाजवत होता आणि आई माझ्या बॅगेत कोकमाची पिशवी कोंबत होती. मी परदेशी स्त्री-अभ्यासात पीएच.डी. करायला निघाले होते आणि आईला ते शेवटपर्यंत पटलं नव्हतं. "बायकांचो अभ्यास करूक इतक्या लांब कित्याक जातंस?" तिने जिन्यातही विचारलं. इंडस्ट्रियल इस्टेटीत औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावून तिने मला वाढवलं होतं. तिचा प्रश्न उडवून लावायची सोय नव्हती. दार लावताना म्हणाली, "शीक आनि परत ये." मी हो म्हटलं. अगदी मनापासून.

माझ्यासारखे निघून आलेले तुम्ही सगळे, ह्या 'हो'चं पुढे काय होतं ते जाणता. पीएच.डी., मग पोस्टडॉक, मग नोकरी, मग नवरा, मॉर्गेज, फावड्याने बर्फ उपसणं. आई विचारायची, मी 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणायचे. हळूहळू तिने विचारणंच सोडलं. ते मला जास्त लागलं.

आणि आता हे अध्यासन. कुणी मोठी देणगी देतं, तिच्यातून एका प्राध्यापकाची जागा कायमची चालते आणि त्या जागेला देणगीदाराच्या माणसाचं नाव लागतं. इथे सरळ 'चेअर' म्हणतात. हा देणगीदार आपलाच, मरोळच्या वर्कशॉपमधून वर आलेला. स्त्री-अभ्यासाची चेअर त्याने आपल्या आईच्या, सुलोचनाबाईंच्या नावाने ठेवली. डीनने मला विचारलं. घेतली तर निवृत्तीपर्यंत इथेच, परत जाण्याचा विषय संपला. मी वेळ मागून घेतला आणि आईला फोन लावला.

"म्हणजे तुझ्या नावापुढे तिचा नाव?"

"हो. सुलोचनाबाई प्रोफेसर."

"लग्नात नाव बदलूक दिलंस नाय, आता नोकरीसाठी बदलतलंस?" ती खदखदून हसली. माझ्या लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा मी ताट बाजूला सरकवून हॉलभर कुजबुज उडवून दिली होती. मग तिने विचारलं, "सुलोचना ह्या तिचा म्हायेरचा नाव की सासरचा?"

देणगीदार जेवायला भेटला तेव्हा मी त्याला तेच विचारलं. "सासरचंच. वडिलांनी लग्नात ठेवलेलं. आधीचं..." तो घास हातात धरून बसला. "खरंच माहीत नाही हो मॅडम. कधी कुणी सांगितलंच नाही." राग यायला हवा होता, पण मला त्याचं वाईटच वाटलं.

हे आईला सांगितलं. वाटलं, पुन्हा हसेल. पण ती म्हणाली, "माझा तरी कोणाक म्हायत आसा?"

दारावरच्या पाटीवर, रेशनकार्डावर, सोसायटीच्या भिशीत आई सुहासिनी. शेवंती हे तिचं माहेरचं नाव फक्त मामाच्या तोंडी होतं. गावाहून आला की तो जिन्यातूनच हाक मारायचा आणि आई हातातलं काम टाकून दाराशी धावायची. मामा मागच्या वर्षी गेला.

"शेवंती म्हनून साद घालणारो आता कोणच रवाक नाय," ती म्हणाली. "तू घे ती खुर्ची. मी काय तुझी वाट बघत बसाक नाय." हे खोटं होतं आणि दोघींनाही ते ठाऊक होतं.

मी खुर्ची घेतली. घर राखायचं म्हणजे तिथे जाऊन राहायचं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ते आता माझ्याच्याने व्हायचं नाही, आणि त्याचं दुःख आहे. पण घरातल्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं तरी घर उरतं, असं मला वाटायला लागलंय.

परवा रविवारी तिने फोन उचलला, तेव्हा मी 'आई' म्हटलंच नाही. "शेवंती!" अशी जिन्यातून मारावी तशी जोरात हाक मारली. पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. आणि मग आईचा, मी कधीच न ऐकलेला, लहान मुलीसारखा आवाज.

"ओ."