सहीखालचं नाव

झोप येईना म्हणून मी घरी न सांगता थेरपिस्टकडे जायला लागले. तिला अजून लायसन्स मिळालं नव्हतं, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. लासूर स्टेशनहून ये-जा करायची, वयानं माझ्याएवढीच. प्रत्येक सेशन रेकॉर्ड होणार, तिच्या वरच्या मॅडम ते ऐकणार आणि तिचं कुठं चुकतंय ते सांगणार. "चालेल ना, ताई?" मी मान हलवली आणि फॉर्म न वाचताच सही केली. अनोळखी माणसासमोर कागद वाचत बसणं मला जमत नाही.

मी इंग्रजीतच बोलायचे. इंग्रजी शाळेची सवय, शिवाय इंग्रजीत घर जरा लांब वाटतं. दुसऱ्या वेळी मात्र मध्येच मराठीत बोलून गेले, की आईच्या स्कूटीचा आवाज गेटशी आला की माझे हात गार पडतात. हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी तो फॉर्म टेबलावर होता. माझ्या सहीखाली मॅडमचं नाव छापलेलं. आईची कॉलेजची मैत्रीण, सिडकोत आमच्या मागच्याच गल्लीत राहणारी. मी तिला मावशी म्हणते.

"यांनी ऐकलं का?"

"पहिलं ऐकलं. दुसरं उद्या ऐकणारेत. का हो?"

मी सांगितलं. तिचा चेहराच उतरला. "माझं चुकलं ताई, नाव वाचून दाखवायला पाहिजे होतं. दुसरं नाय देत मी त्यांना. वेगळ्या मॅडम मागून घेते. पण तोवर सेशन नाय घेता येणार मला."

"किती दिवस?"

"नाय सांगता येत."

जालना रोडवर रिक्षात मी पहिलं सेशन आठवत राहिले. झोपेबद्दल बोलले होते. बहुतेक तेवढंच. तिनं मॅडमना माझं नाव सांगितलं नसेल, पण आवाज माझाच होता.

रविवारी मावशी घरी आली. एरवी मला बघून दारातूनच ओरडते, "काय मॅडम, लाडू कधी देताय?" त्या दिवशी नुसती हसली. चहा दिला तर कपाकडेच बघत राहिली.

आई म्हणाली, "हिला विचार गं काही. तुझ्याशी तरी बोलेल."

"राहू दे," मावशी म्हणाली. "पोरीला निवांत बसू दे."

तिला कळलं होतं. ती सांगणार नाही, असंही वाटलं. तरी ती जाईपर्यंत मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून दोघींचा शब्द न् शब्द ऐकत होते.