अर्धं अंग आणि चाचांच्या छातीतलं कन्फ्युजन

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. परीक्षेच्या सुट्टीत कुरुंद्याजवळच्या आमच्या गावी आले होते. मला पाठ करायचं म्हटलं की नुसतं वाचून भागत नाही, करून बघावं लागतं. त्या दिवशी पक्षाघाताचे प्रकार चालू होते. आई गच्चीवर हळकुंडं पसरत होती आणि मी अंगणात एकटीच.

एक हात लुळा सोडला, म्हणजे मोनोप्लेजिया. बाजेवर बसून दोन्ही पाय मेल्यासारखे टाकले, तो पॅराप्लेजिया. मग उठले, डावा हात लोंबता ठेवला, डावा पाय फरफटत ओढला, तोंडही जरा वाकडं केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "हेमिप्लेजिया!"

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या चाची विरजण मागायला आल्या. हातातली वाटी खाली पडली.

"या अल्ला! पोरीचं अर्धं अंग गेलं की!"

मी तोंड सरळ करून काही बोलायच्या आत त्या रस्त्यावर. आई वरून ओरडली, "काहून वरडून राहिल्या भाभी?" तोवर चाचा धापा टाकत आत शिरले. काखेत एक जिवंत कबुतर. लकव्याला कबुतराचं रक्त चोळतात म्हणे.

"चाचा, मी बरी आहे! अभ्यास करून राहिले!" दोन्ही हात वर करून मी उड्याच मारल्या.

चाचा कबुतराकडे बघत राहिले. "कापायच्या आधीच गुण आला," म्हणाले आणि असे हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. काखेतलं कबुतर सुटून उडालं.

उबळ थांबेना. उजवी कूस धरून ते बाजेवर बसले. न्युमोनियाच्या गोळ्या त्यांनी नुकत्याच संपवल्या होत्या, पण ताप पुन्हा यायला लागला होता आणि श्वास घेताना कुशीत चमक मारत होती. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं; मी खोदून विचारलं तेव्हा कबूल केलं. मी त्यांच्या पाठीवर बोटांनी ठोकून पाहिलं. डावीकडून पोकळ आवाज आला. उजवीकडे खाली मात्र भरल्या माठावर टिचकी मारावी तसा बद्द. माझं हसू गेलं.

"चाचा, आत्ताच्या आत्ता वसमतला चला."

"माझं कबुतर?" चाचा म्हणाले. पण चाचींनी ऑटो बोलावलासुद्धा.

दवाखान्यात छातीच्या फोटोत उजव्या फुप्फुसाभोवती पाणी दिसलं. डॉक्टरांनी पाठीतून सुई घालून ते काढलं. मी तिथंच उभी होते. चाचांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की माझीच बोटं बधिर झाली.

घरी आल्यावर ते चार लोकांत ऐटीत सांगायचे, "आमाला साधा खोकला नव्हता. प्लुरल कन्फ्युजन व्हतं."

"इफ्युजन, चाचा."

"तेच ते. अन् त्या पान्याचा पू झाला असता तर?"

"एम्पायेमा."

त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. जीभ वळेना.

"न्हाई जमत," ते म्हणाले. "बरं झालं, पान्यावरच भागलं."