पुन्हा एकपासून

निजामाच्या काळात कळमनुरीच्या कचेरीत एक कारकून होते. साहेब ओरडले की त्यांचा लिहिता हात थरथरायचा. वैद्यांनी सांगितलं, तेव्हापासून ते जेवणाच्या सुट्टीत डोळे मिटून शंभर श्वास मोजू लागले. शाळा उर्दूत झालेली, म्हणून मोजणीही उर्दूतच. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

कॉलेजसाठी रहिवासाचा दाखला हवा म्हणून एके दुपारी मी त्यांच्यासमोर बसलो होतो; त्यांची मोजणी चालू होती. साहेब येऊन गरजले, "सोतें क्या? नौकरी नक्को?"

कारकुनांनी डोळे उघडले. "साठपर्यंत आलो व्हतो, साहेब. तुमी मोडलं. सुट्टी हाय, आता पुन्हा एकपासून."

डोळे मिटून त्यांनी मोठ्यानं सुरू केलं, "एक, दो, तीन..."

साहेब उभेच राहिले. शंभर झाल्यावर कारकुनांनी माझा दाखला लिहिला. तो मी जपून ठेवलाय. त्यातलं एकही अक्षर थरथरलेलं नाही.