चराई बंद

नाथाजी हवालदाराला हसताना आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असं जो सांगेल तो थापाड्या. पलटणीतून पेन्शनीत आला तोही तसाच, पाठ ताठ आणि बोलणं हुकमाचं. बायको तो नोकरीत असतानाच वारलेली, पोरबाळ नाही. घरात एकटा, आणि डोक्यात अजून पलटणच. असल्या माणसाशी जमवून घेणारं सबंध गावात एकच माणूस होतं, त्याची धाकटी बहीण हरणाबाई.

हरणाबाई मुंजाबाच्या डोंगराच्या पायथ्याला छपरात राहायची. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तीन शेरडं हातात देऊन तिची बोळवण केली होती. शेरडं डोंगरावर चारायची, लेकुरवाळ्या घरांना दूध घालायचं, करडं बाजारात विकायची, झाला संसार. पण तोरा काय विचारू नका. भाऊ हवालदार नसून लाटसाहेबच लागून गेला होता जणू.

पासष्ट साली नाथाजी सरहद्दीवर होता आणि भाऊबीज आली. ज्या बाईला भाऊ नाही ती त्या दिवशी चंद्राला ओवाळते. शेजारची मनुबाई सहज बोलून गेली, "हरणे, औंदा चंद्राला ओवाळ की." तर ही अशी भडकली की मनुबाईला पळता भुई थोडी झाली. "मला भाऊ हाय. चंद्राला ववाळायला मी काय बिनभावाची हाय व्हय?" मग नाथाजीचा घरी राहिलेला जुना फेटा तिनं पाटावर ठेवला, त्याला कुंकू लावलं आणि निरांजन ओवाळलं. सुट्टीवर आल्यावर नाथाजीला हे मनुबाईकडून कळलं. तो विटका फेटा त्यानं आयुष्यभर टाकला नाही. दर भाऊबीजेला तोच बांधून बहिणीच्या दारात जायचा.

एकाहत्तरला आमचे नगराध्यक्ष लालासाहेब यांच्या मनात डोंगर भरला. "वाईला घाट हाईत, साताऱ्याला किल्ला हाय," ते सभेत म्हणाले, "आन् आपल्याकडं पावना आला तर त्याला काय दावायचं, बाजारातलं गटार?" डोंगर नगरपालिकेच्याच मालकीचा, तेव्हा कुणाला विचारायचंही कारण नव्हतं. ठराव झाला. पायऱ्या करायच्या, दमलेल्या माणसाला टेकायला दगडी बाकडी, माथ्यावर पाण्याची टाकी आणि वाटेच्या दोन्ही अंगांना झाडं. पायऱ्या-बाकड्यांचं काम रहिमान गवंड्याकडं गेलं, राखण नाथाजीकडं. पायथ्याला काटेरी तार ओढली, फाटक बसलं आणि फाटकावर पाटी चढली, 'चराई बंद'.

हरणाबाईनं विचारलं, "दादा, मग माजी शेरडं?"

"डोंगराच्या मागल्या अंगाला चार. तारंच्या आत न्हाई." विषय संपला.

तिनं ऐकलं. भावाचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता.

खरं सांगायचं तर त्या झाडांनी नाथाजीला माणसात आणलं. पिंपळ, शिरीष, कांचन, हातभर रोपं ती, पण त्यांच्याशी तो बोलायचा. रहिमानशी सुद्धा एवढं बोलत नसे. दोघं वर्षभर एकाच डोंगरावर राबले, एकाच फडक्यातली भाकरी खाल्ली, त्यामुळे रहिमानला त्याच्या तिरसटपणाचं काही वाटत नव्हतं. सकाळी माणसं डोंगर चढायला लागली. सांगलीकडचे पाहुणे येऊन बाकड्यावर बसले आणि लय भारी केलंय म्हणाले. ते ऐकून नाथाजीनं मिशीवर हात फिरवला. त्याच्या हिशेबी ते हसणंच.

आणि मग बहात्तर साल आलं. पाऊस आलाच नाही. वडूजच्या बाजूला तर आधीच खडखडाट, आता आमच्याकडंही विहिरींचे तळ दिसले. नाथाजी सार्वजनिक नळाखालचं सांडपाणी डब्यात भरून कावडीनं वर न्यायचा. लोक वेडा म्हणायचे. सगळा मुलूख जळाला असताना मुंजाबाच्या डोंगरावर तेवढी हिरवी पानं होती. ती दुरून माणसाला दिसत होती, तशी शेरडांनाही दिसत होती.

एका दुपारी त्याला पिंपळाचा शेंडा खुडलेला दिसला आणि खाली लेंड्या. कुणाच्या, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्यानं तार नीट केली आणि गप्प राहिला. नाथाजीनं तोवरच्या आयुष्यात नियम सोडून केलेली ही एकच गोष्ट. चार दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा तो गप्प. हरणाबाईच्या चांदी शेरडीच्या बरगड्या त्यानं बघितल्या होत्या.

नेमके त्याच आठवड्यात लालासाहेब साताऱ्याचे पाहुणे घेऊन डोंगर दाखवायला आले. खुडलेली रोपं बघून त्यांचा चेहरा उतरला. मागं नगरपालिकेतला कारकून भाऊसो होता, जिभेला हाड नसलेला. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "हवालदाराची भैन हाय, साहेब. तिला माफी हाय."

नाथाजी जागच्या जागी पेटला. त्याच दुपारी तो तारेपाशी दबा धरून बसला आणि तिन्ही शेरडं धरून नगरपालिकेच्या कोंडवाड्यात घातली. हरणाबाई मागनं पळत आली. "दादा, आरं भुकेली हाईत रं ती."

"नियम हाय," नाथाजी म्हणाला. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

कोंडवाड्याचा रिवाज असा की दंड भरून मालकानं जनावर सोडवायचं. आठवड्यात कुणी आलं नाही तर लिलाव. दंड काही फार नव्हता, पण हरणाबाईकडं तेवढाही नव्हता. आणि असता तरी ती गेली नसती. भावानं कोंडली, भावानं सोडवावी, एवढंच ती मनुबाईला म्हणाली. इकडं नाथाजी वाट बघत होता की ती येईल, एकदा चुकलं म्हणेल, मग तो स्वतः दंड भरील. एका आईच्या पोटची ना दोघं, हट्टही एकाच मापाचा.

रहिमान म्हणाला, "नाथा, मी भरतो गड्या. कुणाला कळनार न्हाई."

"भाऊसोला कळंल," नाथाजी म्हणाला. "थांब. ती येतीय."

ती आली नाही. लिलावात सांगलीच्या व्यापाऱ्यानं तिन्ही शेरडं घेतली आणि ट्रकमध्ये चढवली. नाथाजी त्या वेळी डोंगरावर होता. संध्याकाळी रहिमाननं येऊन सांगितलं, तेव्हा त्याच्या हातातली कावड खाली आली आणि पाणी पायऱ्यांवरून वाहून गेलं. किती मोठा गाढवपणा केला हे तेव्हा त्याला उमगलं. आता उमगून काय उपयोग?

हरणाबाई खडी फोडायला दुष्काळी कामावर जाऊ लागली. रस्त्यात भाऊ दिसला की पदर ओढून घ्यायची. नाथाजीनं मनाशी ठरवलं, भाऊबीजेला सगळं मिटवायचं. त्या दिवशी ती नाही म्हणणार नाही. पेन्शन घेऊन त्यानं बाजारातनं एक गाभण शेरडी आणली, लुगडं घेतलं, विटका फेटा बांधला आणि दिवेलागणीला बहिणीच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

हरणाबाई ताट घेऊन बाहेरच आली होती. मागं मनुबाई होती. निरांजन पेटलेलं होतं. नाथाजीनं चपला काढल्या आणि दोन पावलं पुढं झाला. हरणाबाईनं त्याच्याकडं बघितलं, फेट्याकडं बघितलं. मग तिनं मान वर केली. डोंगराच्या माथ्यावर, टाकीच्या जरा वर, बिजेची कोर होती. तिनं ताट उचललं आणि चंद्राला ओवाळलं. सावकाश, नीट, तीनदा.

नाथाजी तिथंच उभा होता.

ताट खाली ठेवून ती मनुबाईला म्हणाली, "ते शेरडू कुनाचं हाय इचार. दारात नगं म्हनावं. कोंडवाड्यात न्हेत्यात." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मनुबाई रडायला लागली. नाथाजीनं लुगडं उंबऱ्यावर ठेवलं, शेरडीचा कासरा धरला आणि डोंगराकडं निघाला. फाटकाचं कुलूप काढून तिला आत सोडलं आणि स्वतः रहिमाननं बांधलेल्या पहिल्याच बाकड्यावर बसला. शेरडी उपाशी होती. तिनं आधी कांचन खाल्ला, मग पिंपळाला तोंड घातलं. नाथाजीनं तिला हाकललं नाही.